पाकीट भिजतं म्हणून

थीम पार्कला जायचं ठरलं की आमच्या बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "ते आधीच पैसे भरून जेवणाचा प्लॅन घेतात ना, तो घ्यायचा का गं? परवडतो का?" मला विचारतात, कारण मी एकदा गच्चीवर त्या विषयावर अर्धा तास बोलले होते. खरं सांगायचं तर नाही परवडत. माणूस पाण्यात खेळून दमतो, उन्हानं त्याची भूक मरते, आणि पैसे भरलेत म्हणून तो नको तेवढं ताटात वाढून घेतो नि टाकून देतो. हे ज्ञान माझं नाही. ते आमच्या कंपनीतल्या स्टोअरवाल्या काकांचं आहे. त्यांनी ते स्वतः तिथे एकट्यानं, फुल पँट घालून, दिवसभर बसून मिळवलं होतं. आणि एवढं सगळं माहीत असूनही त्याच माणसानं आम्हा पन्नास-साठ जणांना तो प्लॅन घ्यायला लावला. एसी बस रद्द करून. मे महिन्यात!

लोकांनी काय शिव्या घातल्या त्यांना! माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी एवढ्या शिव्या खाल्ल्या नाहीत.

मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची कंपनी होती. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायचो. खाली मशीन, वर ऑफिस आणि जिन्याखाली जाळीचा दरवाजा लावलेलं स्टोअर. त्या जाळीमागे काका. उंची बेताची, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक टॉर्च. मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंडला. ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. जो जिथे राहतो ते त्याचं नाव. मी दहिसर. पॅकिंगचा सुपरवायझर वाकोला. झाडलोट करणाऱ्या मावशी गोवंडी. शेठना मात्र शेठच म्हणत, कारण ते कुठे राहतात ते त्यांच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी चिडून म्हटलं होतं, "काका, मला नाव आहे."

"असेल. नावाचं काय करू मी? लग्न झालं की बदलतेस. घर कुठे ते सांगितलंस की पाणी भरायला लागल्यावर कुणाला आधी सोडायचं ते कळतं."

आणि खरंच, पावसाळ्यात दुपारी आभाळ काळं झालं की ते जिना चढून वर यायचे आणि मॅनेजरच्या टेबलापुढे उभे राहायचे. "दहिसर आणि वसईला सोडा." मॅनेजर कुरकुरायचा, पण सोडायचा. वाद घालायला गेलं तर हा माणूस तासभर हलायचा नाही, हे त्याला माहीत होतं.

नवं पेन हवं तर रिकामी रिफिल दाखवायची. नवे हातमोजे हवे तर जुने फाटलेले जमा करायचे, आणि कुठे फाटलेत ते बोट घालून दाखवायचं. एकदा वाकोलाचा एक मोजा हरवला म्हणून तो उरलेला एकच घेऊन आला, तर काकांनी त्याला एकच नवा मोजा दिला. तो दिवसभर एक हात निळा, एक हात पांढरा करून फिरत होता. "काका, ही काय चेष्टा आहे यार?" "चेष्टा कसली? हात दोन, हरवला एक."

कुठलीही नवी वस्तू कंपनीत यायची म्हणजे आधी काकांवरून जायची. सेफ्टी शूजचा नमुना आला तेव्हा ते तीन दिवस तेच घालून हिंडले. त्यात पुतणीचं लग्न आलं, तर तिथेही तेच. रेनकोटवाला आला तर त्याच्यासमोर रेनकोट घालून कारखान्याच्या बाथरूममध्ये शॉवरखाली जाऊन उभे राहिले, आणि बाहेर येऊन ओला शर्ट पिळत त्याला म्हणाले, "परत घेऊन जा." "आधी बघूया, मगे बोलूया" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यात छान करायचे.

आणि एका गोष्टीची त्यांना मनापासून चीड होती. आधी पैसे, मग माल. कुठल्याही सप्लायरला त्यांनी कधी ॲडव्हान्स देऊ दिला नाही. ज्या हॉटेलात आधी कुपन घ्यावं लागतं तिथे ते चहासुद्धा प्यायचे नाहीत. एकदा अंधेरी स्टेशनबाहेर अशाच एका काउंटरवर त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं होतं, "तुझा डोसा मी अजून बघितला पण नाय, आणि तू माझे पैसे बघून घेतलेस. हा कुठला न्याय?" मागे रांग लागली होती, लोक ओरडत होते. काका उपाशी परत आले, पण ताठ मानेनं.

आता माझी गोष्ट. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

कंपनीत लागले तेव्हा आमच्या घरी सगळीच ओढाताण होती. वडिलांची रिक्षा, त्यात त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि रिक्षा सात महिने नुसती उभी. माझा पगार आला की संध्याकाळपर्यंत संपलेला असायचा. दर वर्षी मे महिन्यात मशीन दुरुस्तीसाठी बंद असायची, त्या शनिवारी शेठ सगळ्यांना पिकनिकला पाठवायचे. त्या वर्षी थीम पार्क ठरलं. तिकीट कंपनीचं, एसी बस कंपनीची, खाणं ज्याचं त्याचं. मी म्हटलं, झकास! घरून चपाती-भाजी नेऊ, प्रश्न मिटला. मी दहिसर चेकनाक्यावरून बसमध्ये चढले तर वाकोला मोठ्यानं सांगत होता, "बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत रे. गेटवर काढून घेतात. आणि आत एक प्लेट पावभाजी केवढ्याला आहे माहितेय?" त्यानं आकडा सांगितला. माझ्या पर्समध्ये परतीच्या रिक्षापुरते पैसे होते.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "दहिसर, तू काय खाणार गं आत?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा शनिवार आहे."

सुटले, असं वाटलं. कसली सुटतेय! गेटवर वॉचमननं डबे काढायला लावले. बाकीच्यांनी मुकाट दिले. माझा चपाती-भाजीचा मी बसमध्येच सीटखाली लपवला होता. काका म्हणाले, "माझा डबा माझ्या पोटात जाईल, तुझ्या टेबलावर नाय." आणि ते गेटबाहेर फुटपाथवर मांडी घालून बसले, सकाळी साडेनऊला. डब्यात घावणे होते आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. "या रे, कोण कोण येतंय?" सगळे धावले. फुकटचे, घरचे, मऊ घावणे! मी चार पावलांवर उभी. मारुतीची भक्तीण! वाकोला चटणी चाटत म्हणाला, "अरेरे, दहिसरला नाही मिळणार."

त्या दिवशी मी एक केळं आणि नळाचं पाणी यावर काढलं. दुपारी लाटांच्या तलावाच्या पायरीवर मला गरगरायला लागलं. काका सावलीत बसले होते, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून. ते उठून गेले आणि लिंबूसरबत घेऊन आले. "हे चालतं ना तुझ्या मारुतीला?" मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि ग्लास रिकामा होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर मला आठवलं. मागच्याच शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, मी याच काकांच्या डब्यातली सुकटीची चटणी बोटं चाटून खाल्ली होती, आणि वर म्हटलं होतं, "काका, सोमवारी अजून आणा."

बाकी कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पण काकांच्या? ज्यांना कुणाचा कुठला मोजा कुठे फाटला ते ध्यानात असतं, त्यांच्या?

ते एका शब्दानं बोलले नाहीत. पण ऑफिसात तोपर्यंत बोभाटा झाला होता की दहिसर शनिवार करते. मग काय, करावेच लागले. एका खोट्यापायी मी वर्षभर शनिवार धरले. आई म्हणायची, "अचानक एवढी भक्ती कुठून आली तुझ्यात?" तिला काय सांगू! गंमत म्हणजे पुढच्या शनिवारपासून काकांच्या डब्यात रताळ्याचा कीस यायला लागला. कधी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. "मुलुंडला रताळी स्वस्त झालीत," असं म्हणून ते डबा माझ्याकडे सरकवायचे. वर्षभर रताळी स्वस्त? मी खाली मान घालून खायचे. कळलंय त्यांना, असं एक मन म्हणायचं. छे, बिचाऱ्यांना खरंच वाटतंय मी उपवास करते, असं दुसरं म्हणायचं. दोन्ही विचारांनी मला लाज वाटायची.

पुढचा मे आला. थीम पार्क तेच. घरची परिस्थिती सुधारली होती, पण एवढी नाही. मी मनात ठरवलं होतं, शनिवार आहेच, एक दिवस काढू. तेवढ्यात नोटीस लागली: पिकनिक बुधवारी.

माझं धाबंच दणाणलं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी कुणाचा उपवास असतो सांगा? बुधवारी तर अख्खी मुंबई कोंबडी आणि मासे खाते. नोटीस काकांच्या अक्षरातली होती. मी तडक जिन्याखाली गेले.

"काका, बुधवार का हो?"

"शनिवारी गर्दी असते. बुधवारी रेट कमी."

"पण सगळ्यांना शनिवारची सवय आहे."

"सवयीचं काय, मोडते." त्यांनी जाळीतून मला नवं पेन दिलं, रिकामी रिफिल न मागता. मी इतकी घाबरले होते की ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्या दिवशी ताप आलाय असं सांगायचं, घरीच राहायचं, असं मी पक्कं केलं.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत शेठ स्वतः खाली आले. म्हणाले, बजेट तेवढंच आहे. काकांनी सुचवलंय की एसी बसऐवजी साधी बस करायची आणि वाचतील त्यात सगळ्यांना पार्कचा जेवणाचा प्लॅन घ्यायचा. आधी पैसे भरायचे, मनगटाला पट्टा बांधतात, मग दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा-वडा, सगळं त्यात. तुम्हीच ठरवा.

नुसता गलका उडाला. वाकोला उभाच राहिला. "काका, तुम्ही? आधी पैसे भरून जेवण? तुम्ही?"

"मी बघून आलोय," काका म्हणाले. आणि खिशातून शाळेची वही काढली.

हा माणूस आठवड्यापूर्वी रजा टाकून, स्वतःचं तिकीट काढून, एकटा तिथे जाऊन आला होता. पट्टा बांधून घेतला, जेवणाच्या हॉलसमोर खुर्ची मांडली आणि दिवसभर बसला. त्यांनी वही डोळ्यांपासून लांब धरून वाचायला सुरुवात केली.

"हॉल बाराला उघडतो. रांग अठरा मिनिटं. पनीर बारा चाळीसला संपलं. एक पाचला परत आलं, पण नुसता रस्सा. नूडल्स आहेत, खाऊ नयेत. भात बरा. डाळ पातळ, पण गरम. पुऱ्या चांगल्या, मागितल्या की मिळतात, किती घेतल्या ते कुणी बघत नाही. गुलाबजाम दोन सांगतात, चार घेतले तरी काही बोलत नाहीत. मी सहा घेऊन बघितले, तेव्हा बोलले. एक बाई ताट भरभरून टाकून देत होती. पोट भरलं की पैसे वसूल होत नाहीत. हिशेबानं बघितलं तर प्लॅन परवडत नाही." त्यांनी वही मिटली. "म्हणून घ्यायचा."

"अहो, परवडत नाही म्हणताय ना?" वाकोला ओरडला.

"नायच परवडत."

"मग?"

"आधी भरलं की तिथे कुणाला पाकीट काढावं लागत नाही."

"मग त्यानं काय होतं?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं. मग छताकडे. "पाकीट भिजतं रे. पाण्याचं पार्क आहे ते."

अख्खं कँटीन हसून हसून लोळलं. वाकोलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पाकीट भिजतं म्हणून एसी बस गेली! वाट लागली आपली!" कुणी म्हणालं, काकांचं वय झालं. कुणी म्हणालं, पार्कवाल्यानं त्यांना सहा गुलाबजामांत फोडलं. ज्या माणसाच्या शब्दावर साठ माणसं बूट आणि रेनकोट घालत होती, त्याची पाच मिनिटांत चेष्टा झाली. ते नुसते उभे होते, वही खिशात घालत. मी हसले नाही. मला हसायलाच येईना. मतं घ्यायची वेळ आली तेव्हा काका शेठना म्हणाले, "मतं कसली घेता? मी बघून आलोय ना." शेठना वाद नको होता. झालं, ठरलं.

त्या बुधवारी साध्या बसमधून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही उकडून निघालो. बायका ओढणीनं वारा घेत होत्या. वाकोला दर सिग्नलला उभा राहून घोषणा द्यायचा, "पाकीट सुकं आहे का सगळ्यांचं?" आणि मागून पन्नास आवाज, "आहे!" काका ड्रायव्हरच्या बाजूला बसले होते, मान पुढे करून. एकदा फक्त मागे वळून म्हणाले, "मेल्यांनो, ओरडून घसा सुकवू नका. पाणी प्या."

गेटवर त्यांनी पार्कच्या माणसाकडून पट्टे मागून घेतले आणि एकेकाच्या मनगटावर स्वतः बांधले. नारिंगी प्लास्टिकचे. माझी पाळी आली तेव्हा नीट बघून, घट्ट होत नाही ना ते बोट घालून तपासून बांधला.

बारा वाजता ते हॉलच्या दारात उभे होते. "चला, पनीर चाळीस मिनिटं आहे!" पनीर बारा तीसलाच संपलं. नूडल्स लिहिल्यापेक्षा वाईट निघाल्या. वाकोला ताट नाचवत आला, "काका, तुमचा प्लॅन बोगस!" "मी वाचून दाखवलं होतं," काका शांतपणे म्हणाले. "नूडल्स का घेतल्यास?"

आणि मी? मी जेवले. पुऱ्या, डाळ, भात, परत पुऱ्या. काउंटरवरचा माणूस पैशांचं विचारत नव्हता, पर्स घरी असती तरी चाललं असतं. मला इतकं बरं वाटत होतं, की मधेच रडू यायला लागलं आणि मी त्यावर पुरी कोंबली. हे सगळं माझ्यासाठी केलं या माणसानं. आयुष्यभराचं तत्त्व मोडलं, हसं करून घेतलं, माझ्या एकटीसाठी.

दुसऱ्यांदा ताट भरून मी जागा शोधत होते, तर काकांनी हात करून कोपऱ्यातल्या लांब टेबलाकडे पाठवलं. "तिथे बस. पंखा आहे."

तिथे गोवंडीच्या मावशी होत्या. त्यांच्यासमोर ताट गच्च भरलेलं आणि वाटीत चार गुलाबजाम. त्यांच्या पलीकडे लोडिंगचे मामा, जे दर पिकनिकला रात्रपाळी झाली म्हणून दुपारभर बसमध्येच झोपून राहायचे. आज टक्क जागे, भाताचा डोंगर करून बसलेले. आणि क्वालिटीमधली ती बारीकशी मुलगी, जिचं गेल्या वर्षी डाएट होतं. ती पुरीवर पुरी ठेवत होती. मावशी तर दर पिकनिकला गालाला रुमाल लावून बसायच्या, दातानं हैराण, घोटभर चहासुद्धा नको म्हणायच्या. तिघांची ताटं मी एकेक करून बघितली.

वर्षभर मला वाटत होतं, अख्ख्या कंपनीत अशी मी एकटीच आहे.

मी मावशींच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी विचारलं, "मावशी, दात कसा आहे?"

"आज बरा आहे," त्या म्हणाल्या. मग पुरी मोडत, "आणि तुझा मारुती?"

"आज बुधवार आहे, मावशी."

आधी त्या हसल्या की मी, आठवत नाही. मामासुद्धा खांदे हलवत हसायला लागले. बारीक मुलीला ठसका लागला, मावशींनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. काका कधी मागे येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही. त्यांच्या हातात पुऱ्यांची परात होती, वाढप्याकडून काढून घेतलेली.

"हसताय काय? खावा आधी," ते म्हणाले, आणि आम्हा चौघांच्या ताटात न विचारता दोन-दोन पुऱ्या टाकून पुढे गेले.